कपाटांतला चेंडू

आज आम्ही आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंपुढें जो विषय मांडणार आहों, तो दिसण्यांत फार क्षुल्लक आहे. चेंडू, दोरी, काड्या, खडू आणि तराजू यांविषयीं वर्तमानपत्रांत लिहिण्यासारखें काय आहे, असें कोणास वाटेल. परंतु आमचें अर्धें आयुष्य याच वस्तूंच्या शेजारीं गेलें आहे, आणि आपल्या मुलांचें शिक्षण कोठें अडतें याचा शोध करूं जातां तें पुष्कळदां एका कपाटाच्या कुलपापाशीं अडलेलें आम्हांस आढळलें. तें कुलूप लावणारे हात आमचेच होते, हेंही आरंभींच कबूल करतों.

हकीकत अशी. कांहीं वर्षांपूर्वीं भर पावसाळ्यांत शहरांतील एक दानशूर मंडळी आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर आली. दोन मोटारी, आणि शाळेच्या ओसरीहून लांब असा एक कापडी फलक. मुलें सकाळीं दहापासून रांगेंत उभीं होतीं. पाहुणे साडेअकरास आले. भाषणें झालीं. प्रत्येक मुलास एक दप्तर व दोन वह्या मिळाल्या. दप्तरावर दात्याचें नांव एवढ्या मोठ्या अक्षरांत होतें कीं पहिलीच्या पोराची सारी पाठ त्यानें झांकून गेली. एका मुलास तर दप्तर दोनदां घ्यावें लागलें. कारण पहिल्या खेपेस त्यानें छायाचित्रकाराकडे न पाहतां दप्तराच्या आंत काय आहे तें पाहिलें! शेवटीं शाळेसाठीं म्हणून चामड्याचा एक सुंदर फुटबॉल आमच्या हातीं देण्यांत आला. मोटारी गेल्या. पोरें त्या चेंडूकडे डोळे लावून उभीं होतीं, आणि आम्हीं तो खोक्यासकट कपाटांत ठेवून कुलूप लावलें.

असें आम्हीं कां केलें? जडसंग्रह नोंदवहीमुळें. सरकारी शाळेंत या नांवाची एक वही असते. शाळेची प्रत्येक टिकाऊ वस्तु तींत लिहावी लागते. टेबल, खुर्ची, घंटा, नकाशा आणि देणगीचा चेंडूसुद्धां. तपासणीस कोणी आलें तर वस्तु दाखवावी लागते. मास्तराची बदली झाली तर ती मोजून दुसऱ्याच्या स्वाधीन करावी लागते. मोडली तर तिचें निर्लेखन करण्यासाठीं कागदास कागद जोडावे लागतात. एखादें मूल चार वर्षें शाळेंत बसून वजाबाकी न शिकतां गेलें तर त्याची खोट लिहावयास कोणत्याही वहींत रकाना नाहीं. चेंडू फुटला तर मात्र ती खोट मास्तराच्या नांवावर. मग भित्रा मास्तर वस्तु जपणार नाहीं तर काय करणार? तो चेंडू आमच्या कपाटांत दोन वर्षें सुखरूप राहिला. पुढें एक दिवस उघडून पाहिला तों त्याचें चामडें तडकलेलें आणि एका बाजूस उंदरानें कुरतडलेलें. जन्मांत एकही लाथ न खातां तो बिचारा मेला.

त्या दिवशीं आम्हांस आमची लाज वाटली. तेव्हांपासून शाळेस मिळणाऱ्या वस्तूंकडे पाहण्याची आमची दृष्टि पालटली. वस्तु किती किमतीची, हें आम्ही आतां विचारीत नाहीं; ती किती हातांत जाईल, हें विचारतों.

हिशेब सोपा आहे. खेळाचा तास चाळीस मिनिटांचा, वर्गांत मुलें तीस आणि चेंडू एक. सर्वांस सारखी पाळी द्यावयाची म्हटलें तर प्रत्येकाच्या वाट्यास ऐंशी सेकंद येतात. बाकीचा सारा वेळ मुलानें उभें राहून दुसऱ्याचा खेळ पाहावयाचा. आणि सारखी पाळी कोण देतो? चेंडू एकच असला म्हणजे तो चौथींतल्या दांडग्या पोरांचा होतो. पहिलीचीं पोरें भिंतीशीं बसतात, मुली आपसांत बोलत राहतात, आणि आम्ही म्हणतों कीं मुलींना खेळाची आवड नाहीं! तेच चिंध्यांचे सहा चेंडू केले तर पांच मुलांमागें एक चेंडू येतो, आणि ऐंशी सेकंदांचीं आठ मिनिटें होतात. दानशूर मंडळीच्या त्या एका फुटबॉलाच्या किमतींत असे किती चेंडू झाले असते, याचा हिशेब आम्हीं मुलांसच घातला होता. उत्तरें निरनिराळीं आलीं, पण सगळींच मोठीं होतीं.

कोणी म्हणेल, खेड्यांतल्या पोरांस खेळ कशाला? गुरांमागें धांवतात, पाणी भरतात, तेवढा व्यायाम पुरे. हें बोलणें आम्हीं पुष्कळ बापांच्या तोंडून ऐकलें आहे, आणि त्यांत थोडें तथ्यही आहे. पण घागर डोक्यावर घेऊन चालणें आणि दोरीवरच्या उड्या मारणें यांत फरक आहे. घागरीखालीं मान ताठ ठेवून जपून पाऊल टाकावें लागतें. दोरीवर अंग मोकळें होतें, दम वाढतो, हात, पाय आणि डोळे एका तालांत येतात. शिवाय काम दुसऱ्याच्या हुकुमानें होतें, खेळांत मुलास स्वतः ठरवावें लागतें. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं ५ ते १७ वर्षांच्या मुलांनीं दररोज सरासरी ६० मिनिटें तरी दम लागेल अशी हालचाल करावी. ज्या घरांत मोबाईल शिरला आहे त्या घरचीं पोरें, मग तीं शेतकऱ्याचीं असोत कीं सावकाराचीं, संध्याकाळीं काय करतात तें आईबापांनीं आपल्याच ओसरीवर पाहावें. आणि मुलगी दहा वर्षांची झाली कीं तिच्या वाट्याचा खेळ संपतो, धाकटें भावंड तेवढें कडेवर येतें. तिला खेळावयास मिळतें तें शाळेच्या आवारांत. तेथेंही चेंडू एकच असला तर झालेंच.

खेळ म्हणजे अभ्यासाची सुट्टी, ही समजूतही सोडून दिली पाहिजे. आमच्या आवारांत आम्ही एक रेघ मारतों. मूल रेघेवरून उडी मारतें, दुसरें मूल टेपानें ती मोजतें, तिसरें खडूनें फरशीवर लिहितें. एक मीटर बारा सेंटिमीटर. दुसरी उडी एक मीटर एकोणतीस. किती वाढली? ही वजाबाकी फळ्यावर घातली तर अर्धा वर्ग जांभया देतो. स्वतःच्या उडीची म्हटली म्हणजे उत्तर चुकलें तर पोरें भांडावयास उठतात. दोरीवर दोन-दोनच्या उड्या मोजतां मोजतां बेचा पाढा कधीं पाठ झाला तें मुलांस कळत नाहीं. यास लागतें काय? एक टेप, एक दोरी आणि खडूचा तुकडा. मात्र टेप एक नको, पांच हवेत. नाहींतर पुन्हां तेंच पाळीचें रडगाणें.

आतां काड्यांविषयीं थोडें अधिक बोलूं, कारण आमचा जीव काड्यांवर आहे. आपल्या मराठींत अंकांचीं नांवें मोठीं खट्याळ आहेत. एकवीस म्हणतांना तोंडांत आधीं एक येतो, लिहितांना मात्र आधीं दोन लिहावा लागतो. म्हणून पोर १२ लिहून मोकळें होतें. एकोणतीस म्हटलें कीं त्याच्या कानांत तीस पडतो आणि तें ३९ लिहितें. यावर उपाय म्हणून २०१९ सालीं बालभारतीनें दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत दिली, तेव्हां साऱ्या राज्यांत केवढें वादळ उठलें तें वाचकांस आठवत असेल. त्या वादांत आम्ही येथें पडत नाहीं. आमचा अनुभव एवढाच कीं मुलाच्या हातांत दहा-दहा काड्यांच्या दोन जुड्या आणि एक सुटी काडी दिली, तर तें त्यास एकवीस म्हणो कीं वीस एक म्हणो, लिहितांना चुकत नाहीं. जुड्या किती तें डावीकडे, सुट्या किती तें उजवीकडे. आणि बत्तिसांतून सात काढावयाचे म्हणजे एक जुडी सोडावी लागते, हें त्याच्या बोटांस कळतें. हातचा घेणें म्हणजे काय, हें आम्ही स्वतः लहानपणीं छडीच्या भयानें पाठ केलें होतें. तें समजलें मात्र अध्यापक विद्यालयांत गेल्यावर, जेव्हां आम्हांसच काड्यांच्या जुड्या बांधावयास लाविलें.

त्या काड्या आम्हीं विकत आणल्या नाहींत. फुटबॉलाच्या मरणानंतर आम्हीं शाळेंत एक छोटीशी सभा बोलाविली आणि फलक नाहीं, हार नाहीं, असें आधींच सांगितलें. पैशाची वर्गणी मागितली असती तर दहा माणसें आलीं असतीं कीं नाहीं, शंकाच आहे. आम्हीं मागितलें हातचें काम. गांवच्या बुरुडानें सूप-टोपल्यांतून उरलेल्या बांबूच्या हजारभर काड्या तासून दिल्या. पोरांच्या बोटांत सल जाऊं नये म्हणून कडा विस्तवावर शेकल्या, ही कल्पना त्याची, आमची नव्हे. शिवणकाम करणाऱ्या एका बाईनें कापडाच्या चिंध्यांचे चोवीस चेंडू शिवले. सायकलवाल्यानें जुने टायर दिले. ते पोरें पळवितात, आणि त्यांचा घेर सुतळीनें मोजतात. दोर वळणाऱ्या म्हाताऱ्यानें उड्यांच्या दहा दोऱ्या दिल्या आणि मुलांस दोर कसा वळतात तें दाखविण्यासाठीं तो दोन दुपारीं शाळेंत येऊन बसला. साठ वर्षांच्या आयुष्यांत शाळेच्या उंबऱ्याच्या आंत आपण प्रथमच बसलों, असें तो म्हणाला.

सुताराची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. त्यानें लाकडी तराजू करून दिला. तिसरीच्या मुलांनीं तो टांगला, तों रिकामीं पारडींसुद्धां सारखीं राहीनात. डावें खालीं जाई. पोरें म्हणालीं, तराजू खोटा आहे. आम्ही सुतारास निरोप धाडण्यास ओशाळलों, पण पोरांनींच जाऊन त्यास बोलावून आणलें. तो पटाशी घेऊन आला आणि मुलांच्या देखत डावें पारडें थोडें थोडें तासूं लागला. प्रत्येक वेळीं तराजू टांगून पाहावयाचा आणि मुलांनीं सांगावयाचें, अजून किती. समतोल म्हणजे काय, हा धडा त्या दिवशीं आम्हीं शिकविला नाहीं, सुतारानें शिकविला.

महात्मा फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें जें निवेदन केलें, त्यांत प्राथमिक शाळेचा शिक्षक होतां होईल तों शेतकरी वर्गांतला असावा, आणि प्रसंगीं नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्याची त्यास लाज वाटूं नये, अशा अर्थाची मागणी आहे. तराजू तासला जात असतां आम्हांस तिची आठवण झाली. १९४५ सालीं ताराबाई मोडकांनीं ठाणें जिल्ह्यांत बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें, तेव्हां त्यांनींही मॉन्टेसरीच्या महागड्या साहित्याऐवजीं खेड्यांत फुकट मिळणारे खडे, शिंपले, बिया, पानें यांवरच भर दिला. अलीकडे सातारा जिल्ह्यांतील कुमठे बीटच्या शाळांनीं फरशीवर आंखलेल्या चौकटी आणि हातांत घेण्याचें साहित्य यांच्या बळावर अध्यापनाचा रंगच पालटला. तें पाहण्यास राज्यांतून शिक्षक जात असत. तेव्हां आम्ही कांहीं नवें सांगत आहों असें नाहीं. नवें एवढेंच कीं आम्हांस तें पंधरा वर्षें नोकरी झाल्यावर सुचलें.

आणि त्या नोंदवहीचें काय केलें, असें आमचे शिक्षकबंधु विचारतील. खडू ज्या वहींत लिहितात, त्या संपणाऱ्या वस्तूंच्या वहींत आम्हीं काड्या, दोऱ्या आणि चिंध्यांचे चेंडू लिहिले. खडू झिजला म्हणून मास्तरास कोणी जाब विचारीत नाहीं. मग दोरी झिजली तर कां विचारावा? तपासणीस आलेल्या एका साहेबांनीं भिवया चढविल्या खऱ्या. पण मुलांच्या उड्या पाहून ते स्वतःच टेप धरून बसले, आणि वहीची गोष्ट तेवढ्यावर राहिली.

या वहीच्या जोरावरच आम्हीं आणखी एक धाडस केलें. आमच्याकडील कांहीं कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात आणि चैत्र-वैशाखांत परततात. मुलें बहुधा बरोबर जातात, आणि परत येतात तेव्हां जें शिकलेलें असतें तें फडांत विरून गेलेलें असतें. दुसरींतली एक मुलगी अशीच निघाली. जावयाच्या आदल्या दिवशीं ती काड्यांच्या पेटीपाशीं घुटमळत होती. आम्हीं तिला दहा जुड्या मोजून दिल्या आणि एक दोरी दिली. नियमास धरून होतें कीं नाहीं, देव जाणे. उन्हाळ्यांत ती परत आली ती जुड्या घेऊनच. मोजल्या, शंभर भरल्या. पण त्यांतल्या सात काड्या बांबूच्या नव्हत्या, उसाच्या तुऱ्याच्या होत्या. विचारलें तर म्हणाली, “गुरुजी, सात हरवल्या, मग मी नव्या केल्या. त्र्याण्णवावर सात घातले.” धाकट्या भावास तिनें तेथेंच खोपीबाहेर दहापर्यंत मोजावयास शिकविलें होतें. दोरी मात्र आली नाहीं; ती बापानें मोळी बांधण्यास घेतली.

आतां मुख्य आक्षेप. आमचे एक विद्वान मित्र म्हणतात, “लोकांनीं शाळेस वस्तु दिल्या म्हणजे सरकार हात झटकून मोकळें होतें, दान बंद करा, हक्क मागा.” हा आक्षेप खोटा नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचींतच लिहिलें आहे कीं प्रत्येक वर्गास जरूर तें अध्यापनसाहित्य आणि खेळाचें साहित्य पुरविलें पाहिजे. १९८७ मध्यें निघालेल्या खडू-फळा योजनेंतही खेळणीं आणि साहित्य होतेंच. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेंत प्राथमिक शाळेस खेळसाहित्यासाठीं वर्षास ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद ठेविली आहे. म्हणून आमचें सांगणें असें कीं देणगी देण्यापूर्वीं गांवकऱ्यांनीं हिशेब विचारावा. शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद आईबाप असावे आणि निम्म्या स्त्रिया असाव्या, असा कायदा आहे. त्या आईबापांनीं सभेंत केवळ सही करून चहा पिऊन येऊं नये. खेळाचे पैसे यंदा आले काय, किती आले, त्यांतून काय घेतलें आणि तें आतां कोठें आहे, हे चार प्रश्न विचारावे. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर “कपाटांत” असें आलें तर सभा तेथेंच थांबवून कपाट उघडवावें. मास्तर रागावला तर रागावूं द्या; आम्ही मास्तर असून हें सांगतों.

पण हक्काचें भांडण चालू असतां मुलाचें वय थांबत नाहीं. सात वर्षांचें पोर आठ वर्षांचें होतें, आणि फाईल त्याच टेबलावर असते. तेवढ्या काळांत बुरुडाच्या काड्या उपयोगी पडल्या तर त्यानें सरकारचें देणें फिटत नाहीं, आणि फिटलें असें कोणी म्हणूंही नये.

मोठ्या देणग्यांविषयीं एक शब्द. २०१५ सालीं प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम निघाल्यावर गांवोगांव वर्गणी काढून शाळांनीं पडदे आणि दूरचित्रवाणी संच घेतले. गांवकऱ्यांनीं पोटास चिमटा घेऊन पैसे दिले, त्यांच्या भावनेस आम्ही हात जोडतों. पण पडद्यापुढेंही तीस मुलें हाताची घडी घालून बसतात, आणि विजेचें बिल थकलें म्हणजे पडदाही हाताची घडी घालतो. असेल त्या शाळेनें तो जरूर वापरावा. नसेल त्या शाळेनें आधीं काड्या, टेप, दोऱ्या आणि गोष्टींचीं पातळ पुस्तकें घ्यावीं. पुस्तकें अशीं कीं पोरांनीं घरीं नेऊन फाडलीं तरी कोणाचें काळीज फाटूं नये.

येत्या जून महिन्यांत शाळा उघडतील. ज्या कोणास आपल्या गांवच्या शाळेस कांहीं द्यावयाचें असेल त्यानें मुलांस उन्हांत उभें करूं नये, वस्तूवर नांव घालूं नये, आणि देण्यापूर्वीं गुरुजींस व चौथीच्या दोन मुलींस विचारावें कीं तुमच्याकडे कोणती वस्तु अपुरी पडते. गुरुजी बहुधा खुर्ची सांगतील, मुलींचें ऐकावें. शेतकऱ्याकडे सुतळी आहे, चिंचोके आहेत, मक्याचे दाणे आहेत. शिंप्याकडे चिंध्या, सुताराकडे ठोकळे, कुंभाराकडे माती आहे. चिंचोके पिशवीभर द्यावे, मूठभर नकोत, कारण दोन महिन्यांत अर्धे हरवतात व चार-दोन भाजून खाल्लेही जातात. आमच्या कपाटाची किल्ली हल्लीं दाराजवळच्या खिळ्यावर असते, आणि ती पहिलीच्या पोरांचा हात पोहोंचेल इतक्या खालीं ठोकलेली आहे.